बिबळ्याचा अभ्यास करताना आपण माणसांना काय विचारतो? (आरेच्या कडेवरून)

रानजाई | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. निमित्त झालं ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा फिरलेल्या व्हिडिओचं. मागच्या भिंतीवरून बिबळ्या चालत गेला, सगळा मिळून अकरा सेकंदांचा ऐवज. खाली पन्नासेक निरोप. "पिंजरा लावायला सांगा", "अर्ज करा", "नगरसेवकांना फोन लावा". तो भिंतीवर आला कशाला, हे एकानेही विचारलं नाही. भिंतीच्या अलीकडे कचऱ्याचे चार मोठे डबे आहेत, त्यातला एक कायम आडवा, आणि भोवती सात कुत्री. रोज येता-जाता आम्ही सगळेच ते बघतो.

मी गोरेगाव पूर्वेला, आरेच्या अगदी कडेला राहते. काही हिवाळे ट्रॅप कॅमेऱ्याच्या कामाला स्वयंसेवक म्हणून जाते. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर समोरासमोर दोन कॅमेरे बांधायचे. समोरून काही ऊबदार, हलतं गेलं की फोटो निघतो. दोन कॅमेरे अशासाठी की बिबळ्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके वेगळे आणि उजव्या कुशीवरचे वेगळे, आणि एकाचे ठिपके दुसऱ्याशी कधीच जुळत नाहीत. दोन्ही कुशी मिळाल्या की तो प्राणी ओळखता येतो. रानात हे कॅमेरे आठवडेच्या आठवडे बांधून ठेवतात. आम्हाला मात्र काही जागी चोरीच्या भीतीने संध्याकाळी बांधून पहाटे सोडावे लागत.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर. २०१५ च्या मोजणीत उद्यान, आरे आणि आजूबाजूचा भाग धरून निदान ३५ बिबळे ओळखता आले. २०१८ मध्ये ४७. एवढ्या छोट्या जागेत एवढे बिबळे जगात फार थोड्या ठिकाणी सापडतील, आणि तिन्ही बाजूंनी आपण.

आता ज्यासाठी धागा काढला ते. एका पाड्याजवळच्या कॅमेऱ्याचं कार्ड मी घरी उघडून बसले होते. शेकडो फोटो म्हशींचे, कुत्र्यांचे, दुचाकींच्या उजेडाचे. मग रात्री ९ वाजून ४७ मिनिटांनी एक माणूस, लुंगी वर खोचलेली, हातात पाण्याचा डबा. ९ वाजून ५८ मिनिटांनी त्याच वाटेवर बिबळ्या, मान खाली, शांत चालीत. १० वाजून ६ मिनिटांनी तोच माणूस परत येताना, डबा रिकामा, चेहरा निवांत. आठ मिनिटांपूर्वी इथून कोण गेलं याचा त्याला पत्ताच नाही. मी ते तीन फोटो किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. बिबळ्याचा फोटो आम्ही नोंदवला, त्याला क्रमांक दिला, ठिपके जुळवले. माणसाच्या दोन्ही फोटोंपुढे रिवाजाप्रमाणे "माणूस" एवढंच लिहून पुढे गेलो.

पण या तीन फोटोंत सगळ्यात महत्त्वाचा तो माणूस होता. रात्री पावणेदहाला डबा घेऊन त्याला अंधारात का जावं लागतं? जवळ संडास आहे का? असला तर दार लागतं का, दिवा आहे का, पाणी आहे का? रात्री उघड्यावर शौचाला बसलेला माणूस आणि अंगणात एकटं खेळणारं पोर, बिबळ्याच्या हल्ल्यांत ही दोन माणसं पुन्हा पुन्हा दिसतात. बसलेला माणूस बिबळ्याच्या नजरेला कमी उंचीचा दिसतो. उभ्या माणसाच्या तो वाटेला सहसा जात नाही.

घरोघरी जाऊन लोकांशी बोलायचं काम मिळालं तेव्हा मी स्वतः जो कागद तयार केला होता त्यात बारा प्रश्न बिबळ्यावर होते. पाहिलात का, कुठे, किती वाजता, भीती वाटते का. संडासावर एकही नव्हता. एका आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, तू वाघाचं विचारतेस, तो येतो नि जातो. आमच्या पोरींना रात्री कुठं जावं लागतं ते विचार." तो प्रश्न तेव्हापासून माझ्या कागदावर पहिला आहे.

तर विचारायचं असं : तुमच्या भागात बिबळ्या, कोल्हा, तरस, जे काही येत असेल, तेव्हा वस्तीत काय काय होतं? लोक काय करतात? आणि अभ्यास करणाऱ्यांनी काय विचारायला हवं होतं जे कुणी विचारलं नाही?

मुलुंडकर | रविवार, रात्री ११:३०

ताई, लिहिलंय मनापासून, ते पोचलं. पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मला सहा आणि नऊ वर्षांच्या दोन मुली आहेत. आमच्या मागे डोंगर. दिवाळीनंतर अंधार लवकर पडतो आणि साडेसहानंतर मुली खाली खेळायला जाऊ शकत नाहीत. २०१८ च्या जानेवारीत मुलुंडमध्ये भरवस्तीत बिबट्या शिरून माणसं जखमी झाली होती. २०२२ च्या दिवाळीत तुमच्याच आरेत दीड वर्षाचीही नसलेली मुलगी गेली. अशा वेळी ठिपके जुळवायचं कौतुक आम्हाला कसं वाटावं?

जे बिबटे वस्तीत येतात ते पकडून सह्याद्रीत आत खोल का सोडत नाहीत? जंगलच त्यांचं घर ना? मी खरंच विचारतोय, वाद घालायचा म्हणून नाही.

ऊसपट्टा | सोमवार, सकाळी ७:०५

मुलुंडकर साहेब, तुमचा प्रश्न आम्ही जुन्नरवाल्यांनी वीस वर्षांपूर्वी विचारला होता, आणि त्याचं उत्तरही आमच्याच अंगणात मिळालं.

२००१ पासून आमच्या तालुक्यात धडाक्याने पिंजरे लागले. बिबटे धरले आणि दूरच्या रानात नेऊन सोडले. गावात फटाके वाजले, पेढे वाटले. पुढचं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासून मांडलं. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ वर गेले, आणि त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. आमच्या घरातल्या माणसांनी ती वर्षं काढली आहेत. संध्याकाळी पाचला गाव बंद.

असं का व्हावं? बिबट्याला आपली हद्द असते. पाणी कुठे, लपण कुठे, कुणाचं कुत्रं कुठे बांधलेलं, सगळं त्याला पाठ असतं, आणि माणूस कधी कुठे असतो हेही. म्हणून तो माणसाला टाळू शकतो. त्याला पिंजऱ्यात कोंडून, चार दिवस लोकांच्या गराड्यात ठेवून अनोळखी मुलखात सोडलं की तो घराकडे निघतो. वाटेत सगळं परकं. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा कोवळा नर येऊन धरतो, ज्याला अजून काहीच ठाऊक नाही. म्हणजे दोन्हीकडे नवखा बिबट्या. असेच पकडलेले काही बिबटे त्या काळात तुमच्या बोरिवलीच्या उद्यानातही सोडले गेले. २००४ च्या जूनमध्ये मुंबईत काय हाहाकार झाला होता ते जुन्या लोकांना विचारा.

आमच्या बाजूची अजून एक गोष्ट सांगतो, आजोबाची. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला हा नर विहिरीत पडला होता. वयस्क दिसायचा म्हणून आजोबा नाव पडलं. गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेजला सोडला. तिथून तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या उद्यानापर्यंत गेला. महामार्ग, रेल्वे, खाडी, सगळं ओलांडून, आणि वाटेत एका माणसाला ओरखडा नाही. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने मेला. तुमच्या आमच्या घराजवळून असे किती जात असतील, आपल्याला कळतही नाही.

"जंगलच त्यांचं घर" याबद्दलही सांगायचंय. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात जंगल नावाला नाही. तिथल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे आणि तेवढीच तरसं आढळली, आणि माणसं दर चौरस किलोमीटरला ३०० च्या वर. उसात जन्मलेल्या पिलाला तुम्ही कुठलं जंगल दाखवणार?

मुलुंडकर | सोमवार, सकाळी ९:४०

दादा, ४ चे १७ हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला. आमच्या ग्रुपवर टाकतो. मग मुलींचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

पाड्यावरचा | सोमवार, दुपारी २:१८

मी वारली. आरेतल्या पाड्यात चौथी पिढी. दुधाची वसाहत १९४९ ला आली, त्याच्या आधीपासून आमची शेतं इथं होती.

आमच्यात बिबट्या म्हणत नाहीत, वाघच म्हणतात. वाघोबाचा दगड आहे, शेंदूर लावलेला. वाघबारशीला नारळ, कोंबडा, नवं भात. अभ्यासाला येणारे त्या दगडाचा फोटो आवर्जून काढतात आणि लिहितात की आदिवासी वाघाला देव मानतात म्हणून त्यांना भीती नाही. हे अर्धं खरं. देव मानतो म्हणूनच सांभाळून राहतो. तिन्हीसांजेला पोरं आत. रात्री जायचं तर दोघांनी, बोलत बोलत, हातात बॅटरी. कुत्रं ओट्यावर नाही, घरात. कोंबड्यांचा खुराडा दाराला चिकटून नको. गवत वाढलं की पाड्याभोवती कापायचं. हे नियम माझ्या आजीनं घालून दिलेले, कुठल्या पत्रकात वाचलेले नव्हेत.

पण पोर गेलं की शेंदूर लावून दुःख जात नाही. आम्हीही आईबापच आहोत.

ताईंनी संडासाचं लिहिलं म्हणून हे लिहायला बसलो. आमच्या वाटेवर चार दिवे आणि संडासाला एक दिवा एवढं मागितलं होतं. एका कार्यालयातून सांगितलं, जागा तुमच्या नावावर नाही. दुसऱ्यानं सांगितलं, वनाची परवानगी आणा. तिसऱ्यानं अर्जच ठेवून घेतला नाही. समोरच्या मोठ्या इमारतींना रात्रभर झगझगाट. वाघाला अडचण त्यांच्या दिव्यांची होत नाही, आमच्या एका दिव्याची होते का? हा प्रश्न तुमच्या कागदावर लिहा.

रानजाई | सोमवार, दुपारी ३:०२

दादा, लिहिला. तुमच्याच शब्दांत.

येऊरची_वाट | सोमवार, सायंकाळी ६:४४

पाड्यावरचा यांच्या म्हणण्याला जोडून : मुंबई, ठाणे आणि पालघर भागातल्या वाघोबाच्या देवळांचा रीतसर अभ्यास झालेला आहे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दीडशेच्या वर ठाणी नोंदवली आहेत. तो वाचताना मला भावलं ते हे की, लोक वाघोबाशी करार असल्यासारखं बोलतात. आम्ही वर्षाला तुझं देणं देऊ, तू आमच्या गुराढोरांना हात लावू नकोस. आणि नुकसान झालंच तर आपलं काय चुकलं हे आधी बघतात. वनखात्याची नुकसानभरपाई आणि वाघोबाचं देणं दोन्ही एकाच वेळी चालू असतं, त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

सूक्ष्मकेस | सोमवार, रात्री ९:१५

धागा वाचून राहवलं नाही. मी बिबळ्याच्या विष्ठेवर काम केलेलं आहे. नाक मुरडू नका, यासारखा खरं बोलणारा पुरावा दुसरा नाही. वाळलेली विष्ठा चाळणीत धुवायची. मागे उरतात केस, हाडांचे तुकडे, खुरं, कधी नखं. केस वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. बाहेरच्या खवल्यांची नक्षी आणि आतल्या नळीची ठेवण प्रत्येक प्राण्याची वेगळी. चितळाचा केस जाडसर, आत जाळीच जाळी. कुत्र्याचा अगदी निराळा. एकदा माझ्या भिंगाखाली केसांबरोबर गळपट्ट्याचा निळा नायलॉनचा धागा आला. कुणाचं तरी पाळलेलं कुत्रं. तो धागा बघून कामात लक्ष लागेना.

रानजाई, तुमच्या कचऱ्याच्या मुद्द्याशी सहमत, पण एक दुरुस्ती. कुत्री हटवली की बिबळे जातील असा अर्थ कुणी काढू नये. उद्यानातल्या बिबळ्यांच्या पोटात चितळ-सांबर भरपूर असतात. कुत्र्याचा वाटा वजनाने साधारण पाव. म्हणजे उद्यानात ते राहणारच. कचरा आवरला तर फरक पडेल तो तुमच्या भिंतीवर.

उलटही एक हिशोब मांडला गेला आहे. २०१८ मधल्या एका शोधनिबंधाचा अंदाज असा की, इथले ३५ बिबळे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात, त्यामुळे कुत्रा चावण्याचे हजारेक प्रसंग टळतात आणि रेबीजचा संभव असलेले नव्वदेक. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. मला तो जपून वापरावासा वाटतो, कारण ज्याचं मूल गेलं त्याला हा हिशोब कुणी ऐकवू नये.

शिकागोकर | मंगळवार, पहाटे ४:५०

इकडे शिकागोत आमच्या घरामागून कायोटी जातात, कोल्हा आणि लांडगा यांच्या मधलं जनावर म्हणा. २००० सालापासून इथे त्यांचा अभ्यास चालू आहे आणि आजवर हजारावर कायोटींना खुणा नाहीतर पट्टे बांधून झालेत. शहराच्या ऐन मध्यावरसुद्धा ते राहतात, रात्री रस्ता ओलांडायला वाहनं थांबायची वाट बघतात. मुख्यतः उंदीर, ससे खातात. त्रास सुरू होतो तो कुणीतरी खायला घालू लागलं की. आमच्या गल्लीत एक शेजारी मांजरांसाठी म्हणून अंगणात ताटली ठेवायचे. दोन महिन्यांत कायोटी दिवसाढवळ्या पायरीवर. ताटली उचलली, पंधरा दिवसांत बंद. मांजराच्या ताटलीच्या जागी तुमचा आडवा डबा ठेवून बघितला तर गोष्ट तीच.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ८:२०

ऐरोलीहून. आमच्याकडे बिबट्या नाही, पण तिवरांत सोनेरी कोल्हे आहेत. पहाटे कोल्हेकुई ऐकू येते आणि नवी माणसं घाबरून "लांडगा आला" म्हणून ग्रुपवर टाकतात. कुणी खोकड म्हणतं. पकडायची मागणी इथेही लगेच. कोल्ह्याला खरा धोका आपल्याच कुत्र्यांकडून आहे. २०२४ मध्ये चेंबूर भागातल्या मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज सापडला. कोल्हा पकडण्याऐवजी खाडीकडच्या कुत्र्यांना लस द्या म्हणून आम्ही मागे लागलो आहोत.

मुलुंडकर | मंगळवार, रात्री १०:३५

काल रात्री जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन इमारतीला चक्कर मारली. धाकटी हट्टाने बरोबर आली. चौदा कुत्री. कोपऱ्यावरचा चिकनवाला दुकान बंद करताना पिसं-आतडी पिशवीत भरून आमच्याच भिंतीपलीकडे फेकतो, आणि गेली सहा वर्षं मी तिथूनच कोंबडी आणतो. मागच्या भिंतीवरचा दिवा बंद आहे. चौकशी केली तर म्हणे पावसाळ्यापासून. कमिटीला लिहिलंय. चिकनवाल्याशी उद्या बोलतो, भला माणूस आहे.

पण हे सांगा, समजा उद्या तो खरोखर आवारात शिरला, जिन्यात बसला, तर काय करायचं? आमचा वॉचमन पासष्टीचा आहे. त्याला काय शिकवू?

रानजाई | मंगळवार, रात्री ११:२०

आधी १९२६ ला फोन. वनखात्याची हेल्पलाइन आहे, नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत चिकटवा. मग लोकांना घरात घ्यायचं, दारं लावायची आणि त्याची परतीची वाट मोकळी ठेवायची. एवढंच. शक्यतो तो अंधारात आला तसा जातो. माणसं जखमी होतात ती बहुतेक वेळा गर्दी चहूबाजूंनी वाट अडवते तेव्हा. गच्चीवरून आरडाओरडा, मोबाईलचे दिवे, दगड, आणि मधे घाबरलेलं जनावर. भुलीचं इंजेक्शन लागल्यावरही तो लगेच आडवा होत नाही, काही मिनिटं जातात, आणि त्या मिनिटांत त्याने पळावं कुठे? वनखात्याचे लोक अशा वेळी बिबळ्यापेक्षा गर्दी आवरण्यातच जास्त थकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वॉचमन काकांना फक्त फाटक उघडं ठेवायला आणि लोकांना वर पाठवायला शिकवा. काठी घेऊन पुढे व्हायचं नाही.

२०११ मध्ये सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख असताना विद्या अत्रेय यांच्यासोबत मुंबईकरांना बरोबर घेऊन काम सुरू झालं, तेव्हा संशोधकांइतकंच लक्ष पोलीस, पत्रकार आणि सोसायट्यांकडे दिलं गेलं होतं. "नरभक्षक मोकाट" असे मथळे तेव्हापासून कमी झाले. मला त्या कामाचं मोल तुमची वरची पोस्ट वाचताना पुन्हा कळलं. सहा वर्षं त्या भिंतीवरून कुणी बॅटरी फिरवली नव्हती.

सूक्ष्मकेस, दुरुस्ती मान्य. कचऱ्याबद्दल बोलताना मी यापुढे "भिंतीपुरतं" हा शब्द वापरेन. आणि तो निळा धागा डोक्यातून जात नाहीये.

पाड्यावरचा | बुधवार, सकाळी ६:५५

मुलुंडकर, मुलीला बरोबर नेलंत ते चांगलं केलंत. तिला अंधारात बोलत बोलत चालायची सवय लावा. गाणं म्हटलं तरी चालतं, आमची पोरं म्हणतात.

ताई, तुमच्या फोटोतल्या त्या माणसाची वाट कुठली ते कळलं. वडाच्या पुढची ना, जिथं पाइप फुटलेला आहे? तो माझा चुलता असावा. लुंगी तसाच खोचतो. शनिवारी या, तीन फोटो घेऊन या. त्याला दाखवू. आणि दिव्याचा अर्ज पुन्हा लिहायचा आहे, या वेळी ते फोटो जोडून.

रानजाई | बुधवार, सकाळी ७:१०

येते. आधी त्यांना विचारू, त्यांचा फोटो अर्जाला जोडलेला चालेल का. नको म्हणाले तर नुसत्या वेळा लिहू : ९:४७, ९:५८, १०:०६.

मुलुंडकर | बुधवार, सकाळी ७:३२

शनिवारी मीही येऊ का? धाकटीला घेऊन.

पाड्यावरचा | बुधवार, सकाळी ७:४०

या की. उजेडात या, चार वाजेपर्यंत. चहा घेऊ.